खापर कोणाच्या माथी?

दिवाळी तोंडावर आली की नाशिकच्या मेन रोडवर आणि रविवार कारंजावर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीत तयार फराळाच्या डब्यांची चळत दरवर्षी थोडी उंच होते. चकली, शेव, शंकरपाळी, चिवडा, बुंदीचे लाडू, जे मागाल ते हजर. टंचाई म्हणावी तर कशाचीच नाही. तरीही धोक्याची घंटा वाजवायची वेळ आली आहे असे आम्ही म्हणतो, कारण पदार्थ दुकानात आहेत पण ते करणारे हात घराघरांतून कमी होत आहेत. शेवटचा हात थांबेल तेव्हा ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. डबा तर भरलेलाच असेल.

अनारशाचेच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग सावलीत कपड्यावर पसरून अर्धवट सुकवायचे. दमट असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ किंवा पिठीसाखर घालून घट्ट गोळा करायचा आणि तो काही दिवस मुरवत ठेवायचा. त्यानंतर कुठे खसखशीवर थापून तुपात सोडायचा. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. एवढे करूनही अनारसा कढईत ‘हसतो’, म्हणजे जाळी धरण्याऐवजी विरघळून पसरतो. मग पिठात गूळ जास्त झाला की पीठ कमी मुरले, की तूप पुरेसे तापले नव्हते, हे आजी कढईकडे नुसते पाहून सांगते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी नेले आणि कित्येक नवशिक्यांचे संसार तारले. पण हसणाऱ्या अनारशापुढे वाटीचे प्रमाण पुरत नाही, तिथे शेजारी उभे राहून शिकवणारे माणूस लागते. अधिक महिन्यात जावयाला द्यायचे 33 अनारसेही आता तयार डब्यात मिळतात. जावई तक्रार करत नाहीत, हेही खरे.

नाशिक जिल्ह्याची त्याहून मोठी ठेव म्हणजे मांडे. मालेगाव, सटाणा, कळवण, देवळा या कसमादे पट्ट्यात आणि पुढे खानदेशात आखाजीला माहेरवाशीण आली की खापर चुलीवर पालथे पडलेच पाहिजे. कणीक इतकी तिंबायची की ताणली तरी तुटू नये. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि तापल्या खापरावर अलगद टाकायची. सोबत आमरस. हे कौशल्य लाटण्याचे नाहीच, ते मनगटाचे आहे.

ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक आहे. मांडे खायची इच्छा निवृत्तिनाथांची होती असे सांगतात, आणि त्यांची समाधी तर आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी आहे. त्या कथेत विसोबा चाट्याने कुंभारांना बजावले होते, या पोरीला खापर द्यायचे नाही. आज कुंभाराला कुणी मना करत नाही. खापर मागायला येणारेच उरले नाहीत, म्हणून तो घडवत नाही.

ते का उरले नाहीत, हेही गूढ नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रोजगारासाठी खानदेशातून हजारो कुटुंबे आली, सिडकोच्या दोन खोल्यांत राहिली आणि तिथे त्यांनी मांडेही आणले. दारात चूल पेटायची, शेजारणी जमायच्या. आता त्याच घरांचे मजले चढले. पाथर्डी फाट्याच्या सातव्या मजल्यावर धूर कुठे सोडणार? गॅसच्या एकाच जागी लागणाऱ्या आचेने मातीचे खापर तडकते, म्हणून लोखंडी कढई पालथी घालून भागवतात. अनेक घरांत तेही थांबले. शहरातल्या गाड्यांवर आणि आचाऱ्यांकडे मांडे ऑर्डरीने मिळतात. त्या गाड्यांवर राबणाऱ्या बायकांमुळेच ही कला आज शहरात जिवंत आहे. मात्र गाडीवरच्या बाईची मुलगी हाच धंदा करील, हे कुणी गृहीत धरू नये.

येथे एक नेहमीचा सूर लागतो: ‘हल्लीच्या बायकांना वेळच नसतो.’ मांड्याचे खापर नाहीसे झाले आणि उरलेले खापर बाईच्या माथी फुटले! आम्हाला हा सूर मान्य नाही. आठवडाभर कंबर मोडून फराळ करणाऱ्या बाईला सणाच्या दिवशी पाट मिळायचा तो सर्वांत शेवटी. तिने ते ओझे उतरवले, उत्तम केले. प्रश्न असा की त्याच घरातल्या पुरुषाने एकदाही करंजीच्या साट्याला हात का लावला नाही? ज्ञान एकाच खांद्यावर ठेवले की तो खांदा थकल्यावर ते खाली पडणारच. शिवाय बाजार ते उचलून घेईल या भ्रमात राहू नये. बाजार वाहतुकीत न मोडणारा आणि महिनाभर टिकणारा पदार्थ ठेवतो. आठवडाभर पीठ मुरवणे किंवा भाजल्याबरोबर खाणे त्याच्या हिशेबात बसत नाही.

भेसळीचा धोका वेगळा सांगायला नको. दर सणाला अन्न व औषध प्रशासन छापे घालते, संशयास्पद खवा जप्त होतो. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लिहिणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे; ती पाहून घेणारे गिऱ्हाईक किती? घरच्या फराळाचेही फार गोडवे गाऊ नयेत, वर्षानुवर्षे तो वनस्पती तुपातच तळला गेला. पण करणारा आणि खाणारा एकच असला की निदान काय घातले ते माहीत असते.

सिंहस्थासाठी 2027 मध्ये देशभरातून लोक येतील. रस्ते, घाट, पूल यांचे आराखडे होतात. त्यांत महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी मांडे करणाऱ्या बचत गटांसाठी चुलीसकट जागा राखावी. नुसता फ्लेक्स लावलेला स्टॉल चालणार नाही, धूर जायला वाट हवी. कुंभारांकडे खापरांची मागणी आत्ताच नोंदवावी. माती भट्टीतून निघायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात भट्टी लागत नाही. घरातल्यांसाठी काम सोपे आहे. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आजीच्या हातांचे चित्रण करावे, आणि ते करताना तिला ‘अंदाजाने’ म्हणजे किती, हे पुन्हा पुन्हा विचारावे. ती वैतागेल. विचारत राहावे.

आणि चित्रणावर थांबू नये. वसुबारसेला अजून पंधरवडा आहे. येत्या रविवारी तांदूळ भिजत घातले तर बुधवारी उपसता येतील, गुरुवारी दळण, आणि पीठ मुरायला पुरेसे दिवस उरतात. पहिला घाणा हसेलच. दुसऱ्या घाण्याला पिठात चमचाभर तांदळाची कोरडी पिठी घालावी आणि कढईशी यावेळी मुलाला उभे करावे.