विद्यापीठ क्रीडेचे सुकाणू कोणाच्या हाती?
विश्लेषण

रायपूर : गुढियारी ही रायपूर रेल्वे स्थानकालगतची दाट वस्तीची, व्यापारी वर्दळीची वसाहत. येथील एखाद्या महाविद्यालयीन कबड्डीपटूला अखिल भारतीय स्पर्धेत उतरायचे असेल, तर त्याला अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. आधी महाविद्यालयाचा संघ, मग काही महाविद्यालयांच्या गटाची म्हणजे सेक्टर पातळीची स्पर्धा, त्यानंतर विद्यापीठाची निवड चाचणी, पुढे पूर्व विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि शेवटी अखिल भारतीय पातळी. प्रत्येक पायरीवर कोणाची तरी स्वाक्षरी लागते. प्रवेशिका वेळेत गेली का, पात्रतेची कागदपत्रे पूर्ण आहेत का, संघ कोण निवडणार आणि प्रवासखर्च कोणत्या शीर्षाखाली मंजूर होणार, हे ही स्वाक्षरी करणारी माणसे ठरवतात. त्यांची निवड कोण करते आणि त्यांना जाब कोण विचारू शकते, हा प्रश्न मात्र विद्यापीठ क्रीडेच्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो.

जुलै २०२५ मध्ये जर्मनीतील ऱ्हाईन-ऱ्हूर येथे झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. भारताने १२ बॅडमिंटनपटूंचा संघ पाठविला होता. स्पर्धेपूर्वी व्यवस्थापकांच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी नावे नीट सादर न केल्याने त्यांपैकी केवळ सहा जणांनाच खेळता आले. निवड होऊन, विमानप्रवास करून स्पर्धास्थळी पोहोचलेले उर्वरित सहा जण प्रेक्षकांत बसले. अपुऱ्या संघानेही मिश्र सांघिक गटात कांस्यपदक जिंकले. टीका झाल्यावर भारतीय विद्यापीठ संघाने चौकशी सुरू केली आणि आपल्या संयुक्त सचिवांवर निलंबनाची कारवाई केली.

ही चूक एका व्यक्तीची होती की व्यवस्थेची, याचे उत्तर निलंबनाच्या आदेशातून मिळत नाही. भारताने २०२३ मध्ये चेंगडू येथे ११ सुवर्णांसह २६ पदके मिळविली होती. ऱ्हाईन-ऱ्हूरमध्ये ही संख्या १२ वर आली. या घसरणीचे खापर केवळ प्रशासनावर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण संघाची ताकद आणि खेळांची यादी दर वेळी बदलते. परंतु ज्यांना कोर्टवर उतरताच आले नाही, त्यांच्या बाबतीत मैदानावरील कामगिरीचे कोणतेही स्पष्टीकरण लागू पडत नाही.

शिखर संस्थेची घडण

भारतीय विद्यापीठ संघ ही मुळात क्रीडासंस्था नाही. १९२५ मध्ये ‘आंतरविद्यापीठ मंडळ’ या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेला १९७३ मध्ये सध्याचे नाव मिळाले. विद्यापीठांतील समन्वय, पदव्यांची समकक्षता, संशोधन आणि प्रकाशने ही तिची प्रमुख कामे. याच संस्थेकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे संयोजन आहे आणि आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघात देशाचे प्रतिनिधित्वही तीच करते.

संघाचे अध्यक्षपद सदस्य विद्यापीठांच्या कुलगुरूंपैकी एकाकडे असते आणि ते दरवर्षी बदलते. दैनंदिन कारभार महासचिव आणि सचिवालय पाहते. शैक्षणिक समन्वयासाठी ही रचना स्वाभाविक आहे. कोणत्याही एका विद्यापीठाचे वर्चस्व राहू नये, हा तिच्यामागचा हेतू. क्रीडेच्या बाबतीत मात्र त्याच गुणाचा दोष होतो. जागतिक विद्यापीठ स्पर्धा दोन वर्षांतून एकदा होते. ज्या अध्यक्षाच्या कारकिर्दीत तयारी सुरू होते, त्याच्या कारकिर्दीत स्पर्धा होईलच असे नाही आणि ज्याच्या काळात चूक घडते, त्याने निर्णय घेतलेले असतीलच असेही नाही. उत्तरदायित्व अशा रीतीने निसटत निसटत शेवटी एखाद्या अधिकाऱ्यापाशी येऊन थांबते.

या व्यवस्थेने भरीव काही दिलेच नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. १९३५ मध्ये सुरू झालेल्या रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेने भारतीय क्रिकेटला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरविले. सुनील गावस्कर यांनी १९७०-७१ च्या हंगामात मुंबई विद्यापीठाकडून ३२७ धावांची खेळी करून अजित वाडेकर यांचा ३२४ धावांचा विक्रम मागे टाकला आणि त्याच हंगामात ते वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडिज दौऱ्यावर गेले. क्रीडेतील सर्वोत्तम विद्यापीठाला दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून अस्तित्वात आहे. विद्यापीठ क्रीडेचा पाया पक्का आहे. त्यावर चढलेल्या मजल्यांची देखरेख मात्र ठरलेल्या जबाबदारीने झालेली नाही.

नागपूरपासून रायपूरपर्यंत

हे मजले कसे चढले, याचा उलगडा नागपूर-रायपूरच्या इतिहासातून होतो. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ हे तत्कालीन मध्य प्रांत-वऱ्हाडाचे विद्यापीठ होते. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ झाले आणि १९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विद्यापीठ सुरू झाले. छत्तीसगडमध्ये पुढे बिलासपूर, सरगुजा, बस्तर, दुर्ग आणि रायगड येथे विद्यापीठे उभी राहिली. इकडे विदर्भात १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ नागपूरपासून वेगळे झाले. आंतरविद्यापीठ क्रीडेच्या नकाशात आज नागपूर आणि गडचिरोली पश्चिम विभागात आहेत, तर सीमेपलीकडचे रायपूर आणि बस्तर पूर्व विभागात.

विद्यापीठे वाढल्याने संघ वाढले आणि दुर्गम भागातील खेळाडूंना संधी मिळाली, हा निर्विवाद लाभ आहे. त्याचबरोबर क्रीडा संचालकांची पदेही तितकीच वाढली. नव्या विद्यापीठांत अनेकदा इमारत आधी उभी राहते, परीक्षा विभाग नंतर आणि क्रीडा विभाग सर्वांत शेवटी. संचालकपदाचा कार्यभार दुसरी जबाबदारी सांभाळणाऱ्या प्राध्यापकाकडे ‘प्रभारी’ म्हणून सोपविण्याची प्रथा महाराष्ट्राला आणि छत्तीसगडलाही अपरिचित नाही. प्रभारी अधिकारी दैनंदिन पत्रव्यवहार चालवू शकतो. पाच वर्षांचा आराखडा तो क्वचितच आखतो, कारण तोवर आपण त्या खुर्चीत असू, याची त्याला खात्री नसते.

नियम आहेत, निवड लांबते

पात्रतेचे निकष नाहीत, अशी सबब येथे पुढे करता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत क्रीडा संचालकासाठी शारीरिक शिक्षणातील पीएच.डी., दीर्घ अनुभव, स्पर्धा व प्रशिक्षण शिबिरे भरविल्याचा पुरावा आणि चांगली कामगिरी करणारे संघ वा खेळाडू घडविल्याचा पुरावा मागितला आहे. या क्षेत्रातील उमेदवारांसाठी शारीरिक क्षमता चाचणीचीही तरतूद आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापणे तीत अपेक्षित आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नेही क्रीडा व शारीरिक शिक्षण संचालक या पदाला आणि त्यासाठीच्या मंडळाला वैधानिक स्थान दिले.

म्हणजेच मधल्या पायरीवर कोण असावे, हे कागदावर स्पष्ट आहे. तेथे अडचण आहे ती वेळेवर जाहिरात काढण्याची, निवड समिती भरविण्याची आणि पूर्णवेळ नियुक्ती करण्याची. वरच्या पायरीवर मात्र क्रीडेची सूत्रे हाती येतात ती शैक्षणिक पदाच्या ओघात. ज्या खेळाडूला या सर्वांच्या निर्णयाची फळे भोगावी लागतात, त्याचा आवाज दोन्ही ठिकाणी जवळजवळ ऐकूच येत नाही.

नवा कायदा, जुनी पोकळी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने हा विरोधाभास अधिक ठळक केला आहे. राष्ट्रीय क्रीडा संस्थेची कार्यकारी समिती १५ सदस्यांपेक्षा मोठी नसावी, तीत उत्कृष्ट कामगिरी केलेले किमान दोन खेळाडू आणि किमान चार महिला असाव्यात, खेळाडूंची स्वतंत्र समिती असावी, अशा तरतुदी त्यात आहेत. वादांसाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांवरील देखरेखीसाठी स्वतंत्र यंत्रणाही त्यात कल्पिली आहे. या कायद्याचा रोख ऑलिम्पिक व पॅरालिम्पिक समित्या आणि खेळनिहाय महासंघ यांच्यावर आहे. विद्यापीठ क्रीडा चालविणारी कुलगुरूंची संघटना त्या साच्यात सहज बसत नाही.

निवडणूक घेतली की सर्व काही सुधारते, असा भाबडा समज बाळगण्याचेही कारण नाही. भारतीय कुस्ती महासंघाची निवडणूक २१ डिसेंबर २०२३ रोजी झाली आणि अवघ्या तीन दिवसांत क्रीडा मंत्रालयाने नवनिर्वाचित समिती निलंबित केली. उलटपक्षी, सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली घटना दुरुस्त झाल्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये पी. टी. उषा भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तरी त्यानंतर संघटनेतील अंतर्गत मतभेद थांबले नाहीत. निवडीची पद्धत आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. निवडून आलेल्याने काय करायचे आणि ते न केल्यास काय होईल, हे आधी लिहिलेले असावे लागते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे विद्यापीठांचे गट एकत्र येऊन ‘कॉन्फरन्स’ स्थापन करतात आणि विद्यापीठांचे अध्यक्ष मिळून तिचा पूर्णवेळ आयुक्त नेमतात. २०२२ मध्ये ‘बिग ट्वेल्व्ह’ने आणि २०२३ मध्ये ‘बिग टेन’ने मनोरंजन व प्रसारण व्यवसायाचा अनुभव असलेल्या व्यक्तींना आयुक्त केले. ‘पॅक-ट्वेल्व्ह’नेही २०२१ मध्ये विद्यापीठीय चौकटीबाहेरील व्यावसायिकाची निवड केली होती, परंतु प्रसारण हक्कांचा समाधानकारक करार वेळेत न झाल्याने २०२४ पर्यंत १२ पैकी १० विद्यापीठे बाहेर पडली आणि शतकाहून जुना गट मोडकळीस आला. तेथील पैशाचे मोजमाप आपल्याला लागू नाही. बाहेरचा तज्ज्ञ आणला म्हणजे यश हमखास, असेही यातून सिद्ध होत नाही. मात्र आयुक्त कोणी नेमला, कशासाठी नेमला आणि तो कोठे अपयशी ठरला, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक होते.

कुलगुरू हवेत, पण एकटे नव्हेत

कुलगुरूंना क्रीडेपासून दूर सारावे, असा युक्तिवाद काहीजण करतात. तो टिकणारा नाही. परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्यास विद्यार्थ्याला दिलासा देण्याचा अधिकार विद्यापीठाकडेच आहे. हजेरीची सवलत, क्रीडागुण, वसतिगृह आणि मैदानाचा निधी यांपैकी कोणतीही बाब शैक्षणिक प्रशासनाच्या संमतीविना मार्गी लागत नाही. महाविद्यालयीन खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, ही भूमिका सोडल्यास बनावट प्रवेश घेऊन केवळ पदकांसाठी आणलेल्या खेळाडूंचे पेव फुटेल.

विद्यार्थ्यांच्या थेट मतदानाचा पर्यायही सावधपणे तपासावा लागेल. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या अधिनियमाने त्यांना पुन्हा दार उघडले, पण अंमलबजावणी लांबतच गेली. क्रीडा प्रतिनिधीची निवड त्या वादात अडकविण्यापेक्षा संघनायकांनी आपल्यातून प्रतिनिधी पाठविण्याची रीत अधिक व्यवहार्य ठरू शकते.

तूर्त तीन बदल कायद्याची वाट न पाहताही होऊ शकतात. पहिला, विद्यापीठ संघाच्या क्रीडा विभागासाठी निश्चित मुदतीचा, खुल्या जाहिरातीतून निवडलेला पूर्णवेळ प्रमुख. अध्यक्ष बदलले तरी त्याची जबाबदारी बदलू नये. दुसरा, क्रीडाविषयक समितीत माजी विद्यापीठ खेळाडूंना आणि महिलांना मताधिकारासह स्थान. नव्या क्रीडा कायद्याचे किमान प्रमाण येथेही स्वेच्छेने स्वीकारता येईल. तिसरा, परदेशी जाणाऱ्या प्रत्येक संघाची प्रवेशिका, निवडीचे निकष आणि व्यवस्थापकाचे नाव स्पर्धेपूर्वी जाहीर करणे. बॅडमिंटन संघाची नावे अशी सर्वांसमोर असती, तर खेळाडूंनी किंवा त्यांच्या प्रशिक्षकांनी उणीव वेळेत दाखवून दिली असती.

विद्यापीठांनीही आपल्या अंगणात पाहणे आवश्यक आहे. ‘प्रभारी’ व्यवस्थेला कमाल मुदत घालणे आणि ती संपण्यापूर्वी नियमित निवड पूर्ण करणे, यासाठी नव्या निधीची नव्हे, इच्छाशक्तीची गरज आहे. रायपूरमधील कोटा येथील स्वामी विवेकानंद स्टेडियमसारखी मैदाने उभी करणे शासनाला जमले आहे. मैदानावर खेळाडू आणणारी आणि त्यांना पुढच्या पायरीपर्यंत पोहोचविणारी माणसे नेमणे त्याहून अवघड असता कामा नये.

आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळण्यासाठी वयोमर्यादा १७ ते २५ वर्षे आहे. त्यातही बहुतेकांच्या वाट्याला पदवीची तीन आणि पदव्युत्तर शिक्षणाची दोन, अशी पाचच वर्षे येतात. अध्यक्ष दुसरा येतो, चौकशीचा अहवाल सावकाश तयार होतो आणि प्रभारी अधिकाऱ्याची बदली होऊन तो मूळ विभागात परततो. एका प्रवेशिकेच्या चुकीने गेलेला हंगाम मात्र खेळाडूला परत मिळत नाही. म्हणूनच विद्यापीठ क्रीडेच्या नेतृत्वाची निवड हा कुलगुरूंच्या वार्षिक सभेतील उपचाराचा विषय राहू नये; गुढियारीपासून गडचिरोलीपर्यंतच्या खेळाडूंच्या मोजक्या वर्षांचा तो प्रश्न आहे.