पगारदारांनी आम्हाला शुद्धता शिकवू नये

मराठीत ‘व्यावसायिक लेखक’ हे शब्द अजूनही नाक मुरडून उच्चारले जातात. व्यावसायिक डॉक्टर किंवा व्यावसायिक छायाचित्रकार म्हटलं की कुणाला काही खटकत नाही. लेखकानं मात्र कादंबरी लिहावी आणि पोटासाठी दुसरं काहीतरी करावं. त्या ‘दुसऱ्या काहीतरी’त लिखाण असता कामा नये, ही खरी अट. बँकेत नोकरी करून कविता लिहिली तर ती साधना, जाहिरातीची कॉपी लिहून कविता लिहिली तर तडजोड. हे तर्कट मला आजवर कुणीही समजावून सांगू शकलेलं नाही.

मी चौदा वर्षं फक्त लिखाणावर जगते आहे. गेल्या वर्षाचा हिशोब देते: एका वेब-मालिकेची मराठी सबटायटल्स, रुग्णांसाठीच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद, एका उद्योजकाचं आत्मचरित्र (नाव त्यांचं, वाक्यं माझी), मुलांसाठी ऑडिओ-कथांची माला, चार-पाच लेख. आणि रोज सकाळी सहा ते आठ कादंबरी. यातलं ‘खरं’ लिखाण कोणतं, असं मला विचारतात. सबटायटलमध्ये पात्राचं तोंड मिटायच्या आत, दोन ओळींत, वाक्य संपवावं लागतं. माहितीपुस्तिकेत ‘जेवणाआधी’ आणि ‘उपाशीपोटी’ यांत फरक करावा लागतो, कारण तो चुकला तर परीक्षण वाईट येत नाही, माणूस आजारी पडतो. भाषेची इतकी जबाबदारी माझ्यावर कुठल्याही कथेनं टाकलेली नाही.

आता कादंबरीचा हिशोब. समजा 1000 प्रतींची आवृत्ती, किंमत 300 रुपये, रॉयल्टी 10 टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला 30,000 रुपये. खपायला तीन वर्षं लागली तर महिन्याला 833. जुन्या करपद्धतीत पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. ती पूर्ण वापरायची तर या हिशोबानं वर्षाला 10,000 प्रती खपायला हव्यात. कायदा करणाऱ्याला मराठी ग्रंथव्यवहाराबद्दल फारच आदर असावा.

ज्यांची नावं घेऊन आम्हाला शुद्धता शिकवली जाते, ती माणसं कशी जगली तेही पाहा. तेंडुलकरांनी वृत्तपत्रांत नोकऱ्या केल्या, सदरं लिहिली, ‘घाशीराम कोतवाल’ लिहिलं आणि ‘सामना’, ‘मंथन’, ‘अर्धसत्य’च्या पटकथाही लिहिल्या. अत्रे शिक्षक, नाटककार, चित्रपटनिर्माते आणि दैनिकाचे संपादक होते. ‘गीतरामायण’ हे 1955 साली पुणे आकाशवाणीसाठी दर आठवड्याच्या मुदतीत लिहून दिलेलं काम होतं. 56 गाणी! आज एखाद्या कवीनं अशी साप्ताहिक ऑर्डर घेतली तर आपण त्याला ‘पाट्या टाकणारा’ म्हणू. हेच माडगूळकर ‘दो आँखें बारह हाथ’चेही लेखक होते.

अनेक प्रकारांत लिहिलं की पोट भरतंच, असं मात्र नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी कथा, कादंबऱ्या, लोकनाट्यं, पोवाडे, प्रवासवर्णन असं सगळं लिहिलं. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. 1969 साली ते गेले ते हलाखीतच. त्यांचा हात अष्टपैलू होता, पण लिखाणातून निर्माण होणारा पैसा लेखकापर्यंत पोचवणारी व्यवस्था नव्हती. म्हणूनच तरुण लेखकांना ‘सगळे फॉर्म हाताळा’ एवढंच सांगणं अर्धवट आहे. करार वाचा, हेही सांगा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. चित्रपटातल्या लिखाणाच्या पुढच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडूनही देता येत नाही, ही 2012 ची दुरुस्ती आहे. साहित्य संमेलनात यावर एखादा परिसंवाद ठेवायला काय हरकत आहे? ‘साहित्य आणि समाज’ एक वर्ष विश्रांती घेईल.

आता दिवाळी अंकांकडे येते. 1909 साली ‘मनोरंजन’नं सुरू केलेल्या या परंपरेचा मला अभिमान आहे, आणि वेळेवर पैसे देणारे संपादकही मला माहीत आहेत. पण अनेक अंकांत कागदवाल्याचे, छापखान्याचे, जाहिराती आणणाऱ्याचे पैसे ठरलेले असतात. लेखकाचे ‘बघू’ असतात. एका संपादकांना मी मानधन विचारलं, तर त्यांनी विचारलं, “मिस्टर काय करतात?” मी म्हटलं, तुमच्या छापखानेवाल्याची बायको काय करते, हे तुम्ही विचारता का?

हा प्रश्न त्यांना सुचतो, कारण मराठी साहित्य कुणाच्या तरी पगारावर उभं आहे. स्वतःच्या, नवऱ्याच्या, नाहीतर पेन्शनच्या. प्राध्यापकांनी आणि अधिकाऱ्यांनी उत्तम लिहिलं आहे, ते मी आवडीनं वाचते. पण महिन्याच्या एक तारखेला पैसे जमा होणारा लेखक फुकट लेख देतो, तेव्हा तो त्या लेखाचा बाजारभाव शून्यावर आणतो. मग लिहू कोण शकतो? ज्याचं घर आधीच चाललेलं आहे तो. ज्या मुलीला भाडं भरायचं आहे ती पहिल्या दोन-तीन लेखांनंतर गप्प होते, आणि आपण म्हणतो, नव्या पिढीत सातत्य नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. दैनंदिन मालिका माणसाला खाऊन टाकते. हात बिघडतो म्हणून नव्हे. रोजचा एपिसोड उद्या सकाळी सेटवर लागतो, म्हणून. सकाळचे सहा ते आठ त्यात जातात. मी ते काम दोनदा नाकारलं. ज्यांनी घेतलं त्यांच्यातल्या काहींनी त्यावर घर घेतलं आणि मग निवांत नाटक लिहिलं. त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता असंही असेल.

पगार असलेल्यांकडे माझं एकच मागणं आहे. पैशांची गरज नसेल तरी मानधन मागा, आणि नको असेल तर घेऊन कुणालाही देऊन टाका. यंदा लेखासाठी आलेल्या ज्या पत्रात आकडा नसेल, त्याला मी दोनच शब्दांचं उत्तर पाठवणार आहे: दर काय?