लेटेस्ट व्हर्जनचा हट्ट सोडा, गिऱ्हाइकाच्या मशीनचं व्हर्जन ओळखा



पीएलसीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल कसं करायचं, कुठलं बटण दाबायचं, हे व्हिडिओत दाखवता येतं. पण कुठलं व्हर्जन टाकायचं आणि का, यावर माझं एक ठाम मत आहे, ते इथे लिहितोय. ऑटोमेशन सर्व्हिसचा छोटा धंदा सुरू करायचा विचार असेल, तर लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा.

समजा, मे संपत आलाय. पेटीचा आंबा आटोपला, कॅनिंगचा आंबा कारखान्यात यायला लागला. पल्पच्या एका कारखान्यात रिटॉर्टचं टायमिंग बदलायचं म्हणून तुम्हाला बोलावलं. तुमच्या लॅपटॉपवर कोरं करकरीत सॉफ्टवेअर, पॅनलमधला कंट्रोलर मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीचा. फाइल उघडताना सॉफ्टवेअरने विचारलं, प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये बदलायचा का? तुम्ही ‘हो’ म्हणालात आणि सेव्ह केलं. आता ती फाइल मेंटेनन्सच्या काकांकडल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, आणि तुमच्या लॅपटॉपवरून कंट्रोलर ऑनलाइन येत नाही. मूळ फाइलची कॉपी कोणीच ठेवली नव्हती. बाहेर आंब्याचे टेम्पो उभे. आंबा तुमच्यासाठी थांबणार आहे का?

लॅडर तुम्हाला उत्तम येत असेल. पण घोडं पेंड खातं ते इथे.

जुळवायच्या चार गोष्टी

नवशिका माणूस फक्त सॉफ्टवेअर बघतो. खरं तर चार गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात: कंट्रोलरचं फर्मवेअर, प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर, एम्युलेटर आणि लॅपटॉपवरचं विंडोज. एक जरी फिसकटली, तरी दिवस वाया.

रॉकवेलचं उदाहरण घ्या. त्यांचं आरएसलॉजिक्स ५००० हे नाव व्हर्जन २० पर्यंत चाललं. २१ पासून तेच सॉफ्टवेअर स्टुडिओ ५००० लॉजिक्स डिझायनर झालं. कंट्रोलरमध्ये फर्मवेअर २० असेल, तर ऑनलाइन जायला सॉफ्टवेअरही २० च लागतं. ३२ किंवा ३३ टाकून भागत नाही. बरी गोष्ट म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर अनेक व्हर्जन शेजारी-शेजारी राहू शकतात. पण ‘त्यापेक्षा फर्मवेअरच अपडेट करून टाकू’ असं साइटवर उभं राहून ठरवू नका. त्यासाठी मशीन थांबवावं लागतं आणि प्रोग्राम पुन्हा भरावा लागतो.

सीमेन्सच्या टीआयए पोर्टलची तऱ्हा थोडी वेगळी. जुना प्रोजेक्ट नव्या पोर्टलमध्ये उघडताना तो अपग्रेड होऊन वेगळी कॉपी तयार होते, मूळ प्रोजेक्ट शाबूत राहतो. म्हणून माणूस गाफील राहतो. पण नव्या पोर्टलमधून कंट्रोलरमध्ये डाउनलोड केलंत, की जुन्या पोर्टलवाल्याला त्या कंट्रोलरमध्ये धड शिरता येत नाही. म्हणजे फाइल वाचली, पण काकांचं दार बंद झालं.

मित्सुबिशीत मालिकेप्रमाणे सॉफ्टवेअर बदलतं. एफएक्स३यू असेल तर जीएक्स वर्क्स२, एफएक्स५यू असेल तर जीएक्स वर्क्स३. डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेसाठी डब्ल्यूपीएलसॉफ्ट चालतं, एएस मालिकेला आयएसपीसॉफ्ट लागतं. तेव्हा गिऱ्हाइकाला फोनवर ‘कुठल्या कंपनीचा पीएलसी?’ एवढंच विचारून निघू नका. ‘काका, कंट्रोलरवरच्या लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा’ म्हणा. मॉडेल नंबर त्यावर असतो, आणि बऱ्याच कंट्रोलरांवर फर्मवेअरचा आकडाही.

विंडोजचंही तेच. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. कारखान्यातली मशीन मात्र तशीच चालू आहेत आणि त्यांची सॉफ्टवेअर त्या जुन्या विंडोजवरच नीट चालतात. उलट टीआयए पोर्टलच्या प्रोफेशनल पॅकेजला विंडोज प्रो किंवा एंटरप्राइज लागतं, आणि स्वस्तातल्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा होम असतं. केबलही विसरू नका. प्रोलिफिक चिपची जुनी किंवा नकली यूएसबी-सिरीयल केबल नव्या ड्रायव्हरवर चालत नाही, आणि आपण दोन तास पीएलसीला दोष देत बसतो.

एम्युलेटरवर चाललं म्हणजे मशीनवर चाललं असं नाही

एम्युलेटर फार उपयोगाचा आहे. हातात हार्डवेअर नसताना सराव करायचा तर त्याला पर्याय नाही. डब्ल्यूपीएलसॉफ्ट आणि जीएक्स वर्क्स२ मध्ये सिम्युलेटर आतच असतो. पण त्यालाही व्हर्जनचं पथ्य आहे. सीमेन्सच्या पीएलसीसिममध्ये एस७-१२०० चालवायचा तर फर्मवेअर ४.० किंवा पुढचं लागतं. रॉकवेलच्या लॉजिक्स एम्युलेटमध्ये प्रोजेक्टचा कंट्रोलर प्रकार बदलून ‘एम्युलेट’ करावा लागतो, आणि ५५८० मालिकेसाठी लॉजिक्स इको हे वेगळंच सॉफ्टवेअर आहे. एम्युलेटरसाठी बदललेली फाइल आणि साइटवर भरायची फाइल अशा दोन फाइल होतात. त्यांची नावं स्पष्ट ठेवली नाहीत, तर चुकीची फाइल मशीनसमोर उघडली जाते.

शिवाय एम्युलेटर लॉजिक तपासतो. मिरकरवाड्याच्या खाऱ्या हवेत गंजलेलं टर्मिनल किंवा सैल झालेली सेन्सरची वायर त्याला दिसत नाही. गिऱ्हाइकाला ‘टेस्ट केलंय’ सांगताना कुठे टेस्ट केलंय तेही सांगा.

क्रॅकचा मोह

सॉफ्टवेअर महाग आहे, हे मला मान्य. पण पेनड्राइव्हवरून आलेलं क्रॅक व्हर्जन टाकून धंदा सुरू करू नका. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हमधून आणि सीमेन्सच्या स्टेप ७ प्रोजेक्ट फाइलमधूनच पसरत होता. आपल्यावर कोणी तसा हल्ला करणार नाही, पण वाट तीच आहे. दुसऱ्याच्या बॉयलरला, ग्रेडरला हात लावणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर काय आहे, याची जबाबदारी त्याचीच.

शिकायला कायदेशीर रस्ते आहेत. टीआयए पोर्टलचं २१ दिवसांचं ट्रायल मिळतं. कोडेसिसचं डेव्हलपमेंट सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याचा सॉफ्ट-पीएलसी लायसन्सशिवाय एका वेळी दोन तास चालतो. ओपनपीएलसी पूर्ण मोफत. सुरुवातीला एकाच कंपनीच्या एका मालिकेत हात बसवा आणि तेवढंच लायसन्स घ्या. लायसन्सचा खर्च कोटेशनमध्ये धरा, लाजू नका.

मी सांगेन ती पाच पथ्यं

१. साइटवर पोचल्यावर पहिलं काम बॅकअप. मूळ फाइलला हात न लावता तारीख घालून कॉपी करा.

२. ‘कन्व्हर्ट करू का?’ असं सॉफ्टवेअरने विचारलं, तर उत्तर गिऱ्हाइकाला विचारूनच द्या.

३. प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन ठेवा. व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळतं, आणि एक इन्स्टॉलेशन बिघडलं तरी बाकीची सुरक्षित राहतात.

४. एक साधी वही करा. गिऱ्हाईक, कंट्रोलरचं मॉडेल, फर्मवेअर, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, केबल, बॅकअपची तारीख.

५. काम झालं की तीच माहिती आणि फाइल मालकाच्या हातात द्या.

पाचव्या पथ्यावर बरेच जण नाक मुरडतात. ‘फाइल दिली तर पुन्हा बोलावतील कशाला?’ मला हा विचारच पटत नाही. फाइल अडवून गिऱ्हाईक बांधता येतं, पण ते चिडलेलं गिऱ्हाईक असतं. मिरजोळे काय, लोटे काय, आपल्याकडे एका कारखान्यातली गोष्ट संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कारखान्यात पोचते.

कोणी म्हणेल, एवढी कटकट करण्यापेक्षा नवीन पीएलसीच बसवा की! कधी कधी तेच बरोबर असतं. स्पेअर मिळत नसेल, मूळ प्रोग्राम कोणाकडेच नसेल, तर जरूर सांगा. पण ते पावसाळ्यात, हंगाम संपल्यावर. ज्याचं वर्षाचं गणित आंब्याच्या दोन-अडीच महिन्यांवर बसलेलं असतं, त्याला ऐन मे महिन्यात ‘सगळं नवीन करू’ सांगणारा माणूस मशीन बघत असतो, धंदा बघत नसतो.

पावसाळा म्हणूनच तुमचा हंगाम समजा. जुलै-ऑगस्टमध्ये जवळच्या पाच कारखान्यांत जा आणि म्हणा, ‘तुमच्या मशीनचा बॅकअप घेतो आणि व्हर्जनची नोंद करून देतो.’ एका दिवसाचं काम, त्याचे रास्त पैसे घ्या. मोठी ऑर्डर पहिल्या दिवशी कोणी देत नाही. पण मे महिन्यात मशीन अडलं, की फोन ज्याच्या वहीत आपल्या मशीनचं व्हर्जन लिहिलेलं आहे त्यालाच येतो.

वही आजच घाला. भेटू पुढच्या व्हिडिओत.