अर्ध्या टक्क्याचं पुण्य

नेटवरून चार्जर मागवायचा आणि सोबत पुण्यही कमवायचं! आयडिया झकास आहे ना? अमेरिकेत २०१३ मध्ये ‘अॅमेझॉनस्माइल’ ही अशीच योजना सुरू झाली. आपण खरेदी करायची, की तिच्या अर्धा टक्का रक्कम कंपनी आपण निवडलेल्या संस्थेला देणार. आपल्या खिशाला चाट नाही! पण २०२३ च्या फेब्रुवारीत योजना बंद झाली. १० लाखांवर संस्थांत पैसा विखुरला, त्याचा परिणाम जाणवेना, असं कंपनीनंच सांगितलं.

आता आपला हिशेब मांडू. हॉस्टेलच्या २०० जणांनी महिन्याला प्रत्येकी हजाराची खरेदी केली, तर अर्ध्या टक्क्याचे होतात १००० रुपये. तेच प्रत्येकाने दहा रुपये थेट काढले तर २०००! दहा रुपये म्हणजे मंचर स्टँडवरचा एक चहा. त्यातून भीमाशंकरकडच्या एखाद्या आश्रमशाळेत वह्या पोचतील, आणि त्या आपणच नेऊन देऊ शकू.

शॉपिंग जरूर करा, पण दानाचं काम कंपनीवर सोडू नका. थेंबे थेंबे तळे साचे, हे खरंच. पण आपला थेंब कुठल्या तळ्यात पडतोय, ते दिसायला नको का?