थायरॉईडची गोळी मध्येच सोडू नका



पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली की आमच्या वारणानगर भागातील भगिनी दुखण्याखुपण्याच्या गोष्टी काढतात. परवा एक ताई म्हणाल्या, "थायरॉईडची गोळी पंधरा दिवस घेतली, गुण आला नाही, म्हणून सोडली." दुसऱ्या म्हणाल्या, "मला बरे वाटले, म्हणून सोडली." दोघींचेही चुकले. का, ते समजून घेऊ.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-फोर नावाचे संप्रेरक तयार करते. त्यात आयोडीनचे ४ अणू असतात. हा घरात भरलेला शिधा समजा. शिजवल्याशिवाय पोट भरत नाही. यकृत, मूत्रपिंड, मेंदू येथील विकर, म्हणजे एन्झाइम, त्यातील एक अणू काढतात, तेव्हा खरे काम करणारे टी-थ्री तयार होते. दुसरे एक विकर वेगळ्या जागचा अणू काढून संप्रेरक निकामी करते. चूल पेटवणारा आणि विझवणारा, दोघेही शरीरातच आहेत. १९७० साली अमेरिकेत ब्रेव्हरमन, इंगबार व स्टर्लिंग यांनी दाखवून दिले की, ज्यांची ग्रंथीच काम करीत नाही त्यांना नुसते टी-फोर दिले तरी रक्तात टी-थ्री सापडते.

आपली रोजची गोळी म्हणजे हेच टी-फोर. शरीरातील त्याचा साठा निम्मा व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. म्हणून गुण हळूहळू येतो आणि गोळी सोडली तरी त्रास लगेच कळत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. बहुतेकांना गोळी कायमची घ्यावी लागते.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोहाची वा कॅल्शियमची गोळी ४ तासांनी. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच संप्रेरकावर वाढतो.

आणि बांधवांनो, घरातील बाई सारखी थकत असेल, अंग जड झाले असेल, थंडी सोसत नसेल, तर तिला आळशी म्हणू नका. अंगारा-दोराही नको. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीची वाट दाखवली आहे. तिला रक्ततपासणीला घेऊन जा.

जयभीम! नमो बुद्धाय!