हात मोडला, शाळा का मोडावी?

‘बरी झालीस की ये.’ आश्रमशाळेतल्या मुलीचा हात किंवा पाय प्लॅस्टरमध्ये गेला की तिला गावी धाडताना हेच म्हटले जाते. वाक्य मायेचे आहे, पण ते महाग पडते. हाड दीड-दोन महिन्यांत जुळते. तेवढ्यात गणिताचे दोन धडे सुटतात, तिसरा कळेनासा होतो, आणि घरचे म्हणतात, आता मोह वेचायला चल, पुढच्या वर्षी पाहू. ते पुढचे वर्ष येईलच, याची हमी कोणी देत नाही.

अशा मुलांना लेखनिक द्या, वेळ वाढवून द्या, अभ्यास घरी पोचवा, असे म्हटले की तीन आक्षेप येतात.

पहिला : एकाला सूट दिली तर बाकीच्यांवर अन्याय होतो. गोंधळ ‘सूट’ या शब्दातच आहे. गुण वाढवून दिले तर ती सूट. इतिहासाचा पेपर मनगटाची परीक्षा घेत नाही आणि लेखनिक मुलाने सांगितले तेवढेच लिहितो. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हाच वाद होता. लिहिताना हात आखडणाऱ्या या उमेदवाराचे दिव्यांगत्व चाळीस टक्के भरत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट अमान्य केली. लिहिण्याची अडचण खरी असेल, तर लेखनिकाच्या हक्काला टक्केवारीचे कुंपण घालता येत नाही. निकाल कायमच्या दुखण्याबद्दल होता, प्लॅस्टरबद्दल नव्हता, हे कबूल. पण अडचण दोन महिन्यांची असली, तरी परीक्षा नेमकी त्याच दोन महिन्यांत आली तर मुलाने काय करायचे?

दुसरा : खोट्या चिठ्ठ्या येतील. येतील काही. खोटी रेशनकार्डे निघतात म्हणून रेशनचे दुकान कोणी बंद करत नाही. उलट लबाडीच्या धास्तीने आपण कागदांची चळत वाढवतो आणि खरा जखमीच त्यात अडकतो. धानोरा तालुक्यातल्या पाय मोडलेल्या मुलाला दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी, गडचिरोलीला फेऱ्या कशाला? वर्गातल्या सोयीपुरती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरची चिठ्ठी पुरे मानावी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : शहरात ठीक आहे, धानोऱ्यात कसे जमणार? पावसाळ्यात नाले भरतात, रेंज नसते, शिक्षक अपुरे. अडचणी खऱ्या आहेत. निष्कर्ष खोटा आहे. याच तालुक्यात चातगावजवळच्या शोधग्रामात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला, कारण आदिवासी रुग्णाला मोठ्या इमारतीची भीती वाटत होती. नवजात बाळ दवाखान्यात पोचत नव्हते, तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवून उपचार घरी नेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, आणि पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही घरपोच काळजी देशभर गेली. जिथे श्वास अडकलेल्या बाळाचा उपचार घरी पोचू शकला, तिथे भूगोलाची वही पोचू शकत नाही, हे पटणारे नाही.

मग करायचे काय? उजवा हात प्लॅस्टरमध्ये असेल तर शेजारच्याच्या वहीत कार्बन पेपर घालावा. एका लिहिण्यात दोघांच्या नोंदी होतात. चाचणी तोंडी घ्यावी. पाय मोडला असेल तर वर्गच तळमजल्यावर आणावा. मूल गावी असेल तर आठवड्याचा अभ्यास गावाकडे जाणाऱ्या कुणाच्याही हाती धाडावा आणि गावातल्या बारावी झालेल्या मुलाला तासभर बसवावे. शेजारच्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट भरवून जंगलाचा कायदा समजून घेतला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. गावात बसून शिकणे इथे नवे नाही. डोक्याला मार लागलेल्या मुलाकडे मात्र वेगळे लक्ष हवे. पट्टी सुटते, पण डोके दुखणे आणि लक्ष न लागणे बरेच दिवस राहू शकते. त्याला आळशी म्हणण्याआधी गृहपाठ निम्मा करावा.

यातल्या बहुतेक गोष्टींना शासननिर्णय लागत नाही, निधीही नाही. मुख्याध्यापकाने मनावर घेतले की झाले. हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे सलग दीड महिना ‘गैरहजर’ लिहिताना त्यांनी एकदा थांबून पाहावे : या दीड महिन्यात गैरहजर कोण होते, ती की शाळा?