विश्रांती कोणाच्या वेळातून?

छत्तिसाव्या वर्षी मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "ताण कमी करा, रोज थोडा वेळ स्वतःला द्या." मी सॉफ्टवेअरवाला. उपाय म्हणजे ॲप, हे ठरलेलेच. ध्यानाचे एक ॲप घेतले आणि सकाळी साडेसहा ते सात खोलीचे दार लावून बसू लागलो. महिनाभरात बरे वाटू लागले. मित्रांनाही सांगत सुटलो की दिवसातला अर्धा तास काढा, माणूस बदलतो.

एके दिवशी पत्नी सहज म्हणाली, "तुम्ही आत शांत बसता ना, तोच अर्धा तास माझा सगळ्यात धावपळीचा असतो." ती शाळेत शिक्षिका आहे. त्या अर्ध्या तासात मुलीला उठवणे, तिची वेणी, तीन डबे, अम्मींच्या गोळ्या, सगळे तिच्याच अंगावर. शिवाय मुलीला बजावणे, "हळू बोल, अब्बू आत बसलेत." माझी शांतता तिच्या वेळातून येत होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग आम्ही दोघांनी पंधरा दिवस वेळेची नोंद ठेवली. साधा तक्ता, ज्याने त्याने आपले तास लिहायचे. कामाच्या दिवसाची सरासरी अशी निघाली: माझे ऑफिस साडेदहा तास आणि घरकाम 35 मिनिटे. तिची शाळा साडेसहा तास आणि घरकाम पावणेसहा तास. म्हणजे मी 11 तास 5 मिनिटे, ती सव्वाबारा तास. घरात सगळ्यात जास्त राबतो तो मी, असे मी दहा वर्षे मानत आलो होतो. रविवारचा हिशेब तर आणखी वाईट होता. त्या दिवशी माझे काम जवळजवळ थांबत होते आणि तिचे घरकाम वाढत होते.

हे एका घरापुरते नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात, पुरुष 88 मिनिटे. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके पहाटे उठा, व्यायाम करा, वाचन करा असे सांगतात. तो वेळ कोणाकडून घ्यायचा, हे मात्र सांगत नाहीत.

पण सगळा दोष नवरेमंडळींवर टाकूनही हिशेब पूर्ण होत नाही. माझे साडेदहा तास मी हौसेने भरत नव्हतो. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात. त्या वेळी बैठक लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजेरी असतेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त असतो. या आजारावर अर्ध्या तासाचे ध्यान पुरणार नाही. कामाचे तासच कमी व्हायला हवेत.

माझे अब्बा मालेगावात यंत्रमागावर बारा तासांची पाळी करायचे. आमच्यापेक्षा त्यांचे कष्ट कितीतरी जास्त होते, कानात सांचांचा आवाज कायमचा बसला. पण शुक्रवारी माग बंद असायचा आणि बंद म्हणजे बंद. त्या दिवशी ते पूर्ण आमचे असत. मला आठवड्याला दोन सुट्ट्या आहेत, पण खिशातला फोन त्या दोन्ही दिवशी चालूच असतो.

सुट्टी ही कोणी आपणहून दिलेली भेट नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची सभा घेतली आणि हजारो सह्यांचे निवेदन दिले. पुढे सहा वर्षांनी, जून 1890 मध्ये, रविवारची सुट्टी मान्य झाली. त्या कामगारांना कोणी "ताण कसा हाताळावा" हे शिकवले नाही. त्यांनी एकत्र येऊन वेळ मागितला.

आज तीच मागणी नव्या रूपात समोर आहे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने 2017 पासून कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. तो होईपर्यंत काय करायचे?

आमच्या टीममधल्या सहा जणांनी मिळून मॅनेजरला लेखी सांगितले की रात्रीच्या बैठकीला पाळीने दोघेच बसतील आणि जो रात्री बसेल तो सकाळी उशिरा येईल. एकट्याने सांगितले असते तर "कमिटमेंट नाही" असा शिक्का बसला असता. सहा जणांना तसे म्हणणे अवघड गेले. तीन आठवडे कुरकुर झाली, मग ते रुळले.

घरात मी "मदत" हा शब्द सोडला. मदत करणाऱ्याला काम सांगावे लागते आणि सांगणे हेही कामच असते. आता सकाळचे डबे आणि अम्मींची औषधे पूर्णपणे माझ्याकडे आहेत. डाळ संपली हे लक्षात ठेवणेसुद्धा. पहिल्या महिन्यात दोनदा डाळ करपली आणि एकदा अम्मींची गोळी चुकली. पत्नीने तोंडावर आलेले शब्द गिळले आणि मी शिकलो. ध्यान आता रात्री होते, कधी होतही नाही.

आपल्या चळवळीलाही हा तक्ता लावून पाहायला हवा. आपल्या बैठका बहुधा रविवारी सकाळी असतात. समतेवर बोलायला आपण घराबाहेर पडतो तेव्हा मागे मुले कोण सांभाळते? बाईला हक्क मिळावेत म्हणून झटणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरच्या बाईला बैठकीला यायला वेळ नसेल, तर त्याचा हिशेब आपणच द्यायचा आहे.

वाचकांना एकच विनंती आहे. पंधरा दिवस घरातल्या प्रत्येकाचे तास लिहून काढा आणि सोळाव्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून ते वाचा. माझी रक्तदाबाची गोळी अजून सुरू आहे. पण साडेसहा ते सात पत्नी झोपलेली असते आणि मी मुलीला सांगतो, "हळू बोल, अम्मी झोपलीय."